घळीपलीकडचा पक्षी

पिस्कॅटवेतल्या आमच्या मराठी मंडळींत एक पद्धत पडून गेली आहे. कोणी कुठे फिरून आलं की पुढच्या शनिवारी त्याच्याकडे जेवायला जमायचं आणि फोटो बघायचे. नायगारा आम्ही इतक्या जणांच्या कॅमेऱ्यांतून पाहिला होता की प्रत्यक्ष गेलो तेव्हा ओळखीचं कोणी भेटल्यासारखं वाटलं. २००५ च्या नोव्हेंबरात मी पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात तीन दिवस राहून आलो, पण दाखवायला माझ्याकडे एकही फोटो नाही. तिथे आपलं माणूस सहसा जात नाही. तेव्हा निदान लिहून तरी ठेवावं.

मला तिकडे नेलं ग्लेनने. ग्लेन माझ्या ऑफिसात नेटवर्कचं काम बघतो. पन्नाशीचा, कमी बोलणारा, दुपारी टेबलावरच सँडविच खाणारा माणूस. एवढी वर्षं शेजारी बसून मला त्याच्याबद्दल इतकंच माहीत होतं की तो मूळचा डोंगराकडचा आहे आणि त्याला माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी आवडते. एके दिवशी तो म्हणाला, आमच्याकडे टर्कीच्या शिकारीचा सीझन आहे, मी बऱ्याच वर्षांनी चाललोय, तू सोबत येशील का? बंदूक धरायची नाही, नुसतं यायचं. त्याचा चेहरा बघून मला नाही म्हणवलं नाही.

मित्रांनी मात्र माझी यथेच्छ टिंगल केली. पुण्याचा अमेय म्हणाला, "अरे यार, ब्राउन माणूस, वर दाढी, आणि चारी बाजूंना बंदुका. इन्शुरन्सचे पेपर्स कुठे आहेत ते वहिनींना सांगून जा." माझ्या बायकोला, सुजाताला, हा विनोद आवडला नाही. तिने मुकाट्याने चिवडा भरला, सावजी मसाल्याची पुडी दिली आणि दाढी करायला लावली. आमच्या नऊ वर्षांच्या लेकीने विचारलं, "बाबा, आर यू गोइंग टु शूट अ टर्की?" मी म्हटलं, मी नाही गं, मी फक्त बघणार. "दॅट्स वर्स," ती म्हणाली आणि टीव्हीकडे वळली.

आम्ही नागपूरचे. घरात बुद्धवंदनाही होते आणि रविवारी कोंबडीही शिजते. तेव्हा शिकाऱ्यांकडे बघून नाक मुरडायचा मला काही अधिकार नव्हता. कोंबडी मी मारत नाही, दुकानदार मारतो, एवढाच काय तो फरक. पण लेकीचं ते वाक्य गाडीत बसल्यावरही डोक्यातून जाईना.

शुक्रवार, वाटेवर

डेलावेअर नदी ओलांडेपर्यंत ग्लेन हवापाण्याचं बोलत होता. न्यू जर्सी मागे पडलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना उघडेबोडके डोंगर सुरू झाले आणि त्याने रेडिओ बंद केला.

त्याला डेल नावाचा थोरला भाऊ होता. चार वर्षांपूर्वी, याच सीझनमध्ये, आम्ही चाललो होतो त्याच डोंगरावर त्याचा जीव गेला. झाडाखाली बसून टर्कीचा आवाज काढत होता. घळीच्या दुसऱ्या बाजूला त्यांचे अंकल रे रायफल घेऊन उभे होते. डेल त्या सकाळी पलीकडच्या डोंगरावर असायला हवा होता, पण थवा सरकला तसा तोही सरकत इकडे आला होता. रे यांना आवाज ऐकू आला, झाडाच्या बुंध्याशी काळपट काहीतरी हललं, आणि त्यांनी गोळी झाडली. इतका हुबेहूब आवाज काढणारा त्या डोंगरात एकच होता, आणि त्याला शिकवणाराही एकच. शिकवणाऱ्याच्याच हातून तो गेला.

इंग्रजीत सगळेच अंकल. मी विचारलं, अंकल म्हणजे कोण, वडिलांकडून की आईकडून? ग्लेन म्हणाला, आईचा सख्खा धाकटा भाऊ. वडील लवकर गेल्यावर या दोघा मुलांना त्यांनीच वाढवलं. म्हणजे मामा. आपल्याकडे मामा म्हटलं की जे जे मनात येतं ते सगळं एकदम आलं.

या शिकारीतली मेख मला ग्लेनने गाडीतच समजावली. हरणाच्या शिकारीत माणूस हरण होऊन बसत नाही. टर्कीच्या शिकारीत मात्र माणसाला पक्षी व्हावं लागतं. या पक्ष्याची नजर फार तिखट, रंगही ओळखतो. म्हणून मातकट कपडे घालून, झाडाला पाठ टेकून, अजिबात न हलता बसायचं आणि त्याच्याच आवाजात त्याला बोलवायचं. चालताना अंगावर भडक केशरी जाकीट लागतं, पण बसल्यावर ते काढून चालतं. फक्त झाडाला केशरी पट्टा गुंडाळायचा. डेलने पट्टा गुंडाळला होता. घळीच्या बाजूने त्यावर हेमलॉकची फांदी आली होती.

छऱ्याची बंदूक हातात असेल तर पक्षी चाळीस पावलांत येईपर्यंत थांबावंच लागतं, आणि तेवढ्या जवळून पक्षी आणि माणूस यांत गफलत होणं अवघड. रायफलीला मात्र थांबायची गरज नाही. तिची गोळी या डोंगरावरून त्या डोंगरावर जाते, आणि चुकली तर पुढेही जात राहते. काही राज्यांत टर्कीवर रायफल चालतच नाही. पेनसिल्व्हेनियात तेव्हा वसंतात चालत नव्हती, पानगळीच्या मोसमात चालत होती.

ग्लेनला ती आपल्या डोंगरावर बंद करायची होती. त्यांच्या कॅम्पात, म्हणजे शिकारीसाठी मिळून बांधलेल्या लाकडी घरात, आठ सभासद. सगळे नात्यातले नाहीतर शेजारातले, आणि सगळे पुरुष. तिथला जुना रिवाज असा की सगळ्यांचे हात वर झाले तरच नवा नियम होतो. एकाने जरी हात खाली ठेवला तरी विषय संपला. बैठक रविवारी दुपारी होती. घाई असायला कारण होतं. डेलची मुलगी एमी बारा वर्षांची झाली होती, पुढच्या वर्षी तिला लायसन्स मिळणार होतं आणि तिला बापाच्या झाडाखाली बसून आवाज काढायचा होता. दुसरीकडे, त्या अपघातानंतर काढून घेतलेलं रे यांचं लायसन्स याच वर्षी परत मिळालं होतं. "मामा रायफल घेऊन निघेल असं मला वाटत नाही," ग्लेन म्हणाला, "पण बाकीचे निघतील."

संध्याकाळी आम्ही आधी डोंगराखालच्या गावात ग्लेनच्या आईकडे थांबलो. डॉरिस त्यांचं नाव. पंचाहत्तरीच्या, उंच, काटकुळ्या, स्वतः पिकअप चालवणाऱ्या. तिकडे सगळे मोठ्यांना नावाने हाक मारतात, पण माझी जीभ काही वळेना. मी मावशी म्हणालो. त्यांनी अर्थ विचारला. आईची बहीण, मी सांगितलं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि मला जेवायला बसवलं.

जेवायला होतं ते बघून मी चाटच पडलो. नाव पॉट पाय, पण प्रत्यक्षात आपली वरणफळं. पिठाचे चौकोनी तुकडे, फक्त वरणाऐवजी कोंबडीच्या रश्शात शिजवलेले. मी नागपूरच्या वरणफळांचं सांगितलं तर मावशी म्हणाल्या, गरिबांना सगळीकडे सारखंच सुचतं. भिंतीवर डेलचा फोटो होता. हसरा, ग्लेनपेक्षा रुंद. त्याच्याबद्दल कोणी काही बोललं नाही आणि फोटोकडे पाठ करूनही कोणी बसलं नाही. निघताना मावशींनी एक झाकलेलं भांडं दिलं आणि ग्लेनला म्हणाल्या, हे रेला दे, त्याला जास्त मीठ चालत नाही. चार वर्षं त्या भावाला जेवण पाठवत होत्या. चर्चमध्ये दोघं एकाच बाकावर बसायचे, एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो. त्या सकाळबद्दल मात्र दोघांत आजवर एक शब्द झाला नव्हता.

शनिवार, ओकच्या रानात

कॅम्पात माझी सोय एका फळीवजा पलंगावर झाली. सगळ्यांनी माझ्याशी हात मिळवला, माझं नाव प्रदीप आहे हे समजून घेतलं आणि लगेच विसरले. रे यांनी त्यातला शेवटचा तुकडा तेवढा ठेवला आणि मला डीप म्हणायला लागले. मनात मी त्यांना रेमामाच म्हणत होतो. सत्तरीचे, कमरेत दुखणं असलेले, हळू आवाजाचे गृहस्थ. मी मनाशी कोणी उग्र माणूस धरून गेलो होतो. तसं काहीच निघालं नाही, आणि त्यामुळे मला उलट जास्तच वाईट वाटलं.

उजाडता उजाडता ग्लेन मला घेऊन निघाला. माझ्या अंगावर त्याने इतकं केशरी चढवलं की अमेय असता तर म्हणाला असता, मिरवणूक कुठे आहे? गळून पडलेल्या ओकच्या पानांवर चालताना फार आवाज होत होता. बऱ्याच वेळाने एका सपाटीवर थवा दिसला. मोठे, काळपट, उन्हात तांब्यासारखे चमकणारे पक्षी, माना खाली घालून पानं उकरत होते. दुकानात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली टर्की आणि हे, यांचा काही संबंध असेल असं वाटेना.

मग ग्लेनने बंदूक खाली ठेवली आणि तो ओरडत, हात हलवत थव्यात धावत सुटला. मला वाटलं याला वेड लागलं. पक्षी दाही दिशांना उडाले. धापा टाकत परत येऊन त्याने सांगितलं की पानगळीतली रीत हीच. थवा फोडायचा. मग जिथून तो फुटला तिथेच बसायचं आणि वाट बघायची. या दिवसांत थव्यात आया असतात आणि त्याच वर्षीची पिल्लं असतात. थोड्या वेळाने पिल्लं आईला हाका मारायला लागतात. आपण आई व्हायचं, नाहीतर हरवलेलं दुसरं पिल्लू.

आम्ही एका झाडाला टेकून बसलो. ग्लेनने केशरी पट्टा बुंध्याला गुंडाळला, उठून चारी बाजूंनी बघून आला, मग पुन्हा उठला आणि पुन्हा बघून आला. बऱ्याच वेळाने दुरून बारीक शिट्टीसारखं की-की-की ऐकू आलं. मग दुसऱ्या बाजूनेही. ग्लेनने तोंडातल्या रबरी चकतीवरून तसंच उत्तर दिलं. रान सगळं त्या हाकांनी भरून गेलं. मला ते ऐकवेना. जत्रेत हात सुटलेली पोरं अशीच हाका मारतात.

आजोबांच्या गावी, उमरेडकडे, एक पारधी यायचा. तो ओठांनी तितराचा आवाज काढायचा आणि झुडपातले तितर भांडायला धावत यायचे, थेट त्याच्या फाशात. लहानपणी मला ती जादू वाटे. त्या सकाळी लक्षात आलं की फसवणूक दोन्हीकडे सारखीच आहे, पण त्या पारध्याला आपल्या कलेचं कधी भय नव्हतं. तो कितीही चांगला तितर झाला तरी त्याला तितर समजून कोणी मारणार नव्हतं. त्या शिवारात फक्त फासे होते. इथे जो जितका चांगला आवाज काढेल तितका त्याचा जीव धोक्यात, आणि हे सगळ्यांना ठाऊक असूनही पोरांना शिकवताना सगळे चांगलाच आवाज काढायला शिकवतात.

एक पिल्लू आलं. पिल्लू म्हणजे कोंबडीहून मोठंच, पण मान बारीक आणि चालणं उतावळं. अगदी जवळ येऊन ते थांबलं. ग्लेनने छऱ्याची बंदूक उचलली. आवाज झाला आणि ते पडलं, पंख थोडे आपटले, संपलं. ग्लेन गेला, गुडघ्यावर बसला आणि त्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. हे सगळं मी समजू शकलो. कोंबडी खाणाऱ्याला समजायलाच हवं. पण थोड्या वेळाने बाकीच्या पिल्लांनी पुन्हा हाका मारायला सुरुवात केली, आणि त्या हाका या मेलेल्या पिल्लासाठीही होत्या. तेव्हा मी ग्लेनला म्हटलं, चल, आता जाऊ. तो लगेच उठला.

ती टर्की संध्याकाळी मी सावजी मसाल्यात शिजवली. डोंगरी माणसं ती, माघार घेणं त्यांना माहीत नव्हतं. घाम पुसत, नाकं शिंकरत, पाण्याचे जग रिकामे करत सगळ्यांनी जेवण संपवलं. रेमामांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाले, यात मीठ दिसत नाही, म्हणजे मला चालेल. सगळे हसले. तेवढ्यात ग्लेनने विषय काढला.

वाद झाला, पण आवाज कोणी चढवला नाही. एक म्हणाला, रायफलीने पक्षी एका गोळीत जातो, छऱ्यांनी जखमी होऊन रानात मरतो, मग दया कशात आहे? दुसरा म्हणाला, गुडघे गेलेल्या म्हाताऱ्याने डोंगर चढून चाळीस पावलांवर जायचं तरी कसं? ग्लेन म्हणाला, ज्या पक्ष्याने आपला आवाजच ऐकला नाही त्याला दुसऱ्या डोंगरावरून मारण्यात शिकार कसली? शिवाय जिथे माणसं पक्षी होऊन बसतात तिथे लांबून मारणारं हत्यार नको. सगळे रेमामांकडे न बघता त्यांचीच वाट बघत होते.

"नियम करायचा तर करा," रेमामा म्हणाले, "पण माझा हात वर होणार नाही. रायफलीने काही केलं नाही. मी केलं. दुर्बिणीने बघायचं असतं, मी बघितलं नाही. मला पक्षी हवा होता म्हणून मला पक्षी दिसला. उद्या रायफल बंद केलीत तर लोक म्हणतील, रे चांगला होता, बंदूकच वाईट. माझं ओझं त्या लोखंडावर टाकू नका. ते माझं आहे."

त्यांच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती, हेच तर कठीण होतं. ग्लेन उठला, गाडी काढून आईकडे गेला आणि जेवणाची भांडी विसळून होण्याआधी परत आला. काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही.

रविवार, घळीवर

त्या राज्यात तेव्हा रविवारी शिकारीला बंदी होती. सकाळी रान इतकं शांत होतं की मावशींच्या पिकअपचा आवाज आम्हाला पार खालच्या वळणापासून ऐकू आला. चर्चला न जाता त्या आल्या होत्या. गळ्यात नवऱ्याची जुनी दुर्बीण होती. दारातच उभ्या राहून त्या भावाला म्हणाल्या, "आज कोणाच्या हातात बंदूक नाही. रे, तू डेलच्या झाडाखाली जाऊन बस. मी तुझ्या जागेवरून बघते."

रेमामांनी मातकट कोट घातला, केशरी जाकीट खुंटीवर राहू दिलं आणि खिशातून टर्कीच्याच पंखाच्या हाडाची एक लहान पिपाणी काढून हातात घेतली. त्यांच्या कमरेमुळे ग्लेन त्यांना धरून घळीतून पलीकडे घेऊन गेला. मावशींनी माझा दंड धरला. मला कळत होतं की हे मी बघू नये, घरच्या माणसांचं आहे. पण दुसरं कोणी त्यांना नको होतं.

घळ फार रुंद नव्हती. आपल्याकडच्या दोन शेतांएवढं अंतर असेल. पलीकडे मोठा ओक, बाजूला हेमलॉक, आणि उजेड नुकताच झाडांत उतरत होता. ग्लेनने मामांना बसवलं, पट्टा गुंडाळला आणि तो स्वतः मागच्या झाडांत दिसेनासा झाला. मग आवाज आला. आदल्या दिवशी ग्लेनने काढला होता तो यापुढे काहीच नव्हता. आई पिल्लांना बोलावते तो आवाज, खर्जातला, एकसारखा, घाई नसलेला. नुसत्या डोळ्यांनी मला बुंध्याशी काळपट काहीतरी हलताना दिसलं. मला माहीत होतं तिथे कोण बसलंय, तरी क्षणभर माझ्या डोळ्यांनी त्याला पंख लावले.

मावशींनी दुर्बीण माझ्या हातात दिली. आधी तू बघ, म्हणाल्या.

मी बघितलं. दुर्बीण स्थिर झाली आणि समोर रेमामा बसलेले दिसले. टोपी, गालावरचे पांढरे खुंट, मिटलेले डोळे, पिपाणीभोवती धरलेला ओंजळीसारखा हात, कोटाचं बटण. पक्षी कुठेच नव्हता. एकदा, फक्त एकदा कोणी या नळीतून बघितलं असतं तर डेल आज जिवंत असता. मी दुर्बीण परत दिली. आता या बघतील, आणि मग या दोघांत चर्चचा बाकसुद्धा उरणार नाही, असं मला वाटलं. मावशी खूप वेळ बघत राहिल्या. आवाज थांबल्यावरही त्यांनी दुर्बीण खाली घेतली नाही.

मग ते दोघं घळ चढून आमच्याकडे आले. रेमामांना वेळ लागला. समोर येऊन ते उभे राहिले, टोपी हातात घेतली आणि विचारलं, "काय दिसलं?"

"पक्षी," मावशी म्हणाल्या. "तू आहेस हे ठाऊक असून मला पक्षीच दिसला."

रेमामांचा विश्वास बसला नाही. ते माझ्याकडे वळले. मी परका, कोणाच्याच बाजूचा नाही. "डीप, तुझी नजर चांगली आहे. तू सांग."

खोटं बोलणार नाही असं मी लहानपणापासून विहारात हात जोडून म्हणत आलोय. मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या घळीकडे बघत होत्या.

"पक्षीच," मी म्हटलं.

रेमामा खाली बसले. चार वर्षं न रडलेला माणूस रडायला लागला की ते ऐकवत नाही. मावशी त्यांच्याजवळ बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या, पण त्यांचा हात भावाच्या खांद्यावर होता.

"आता माझं ऐक," त्या म्हणाल्या. "तू म्हणतोस दोष तुझ्या एकट्याचा. पण तुझ्या जागी मी असते तर मीही गोळी झाडली असती. मी त्याची आई. जिथून आईलासुद्धा माणूस ओळखू येत नाही तिथून कोणीच रायफल चालवू नये. पुढच्या वर्षी त्या झाडाखाली एमी बसणार आहे, रे."

दुपारच्या बैठकीत मला आणि मावशींना बसायला जागा नव्हती. सभासदांशिवाय कोणी बसत नाही असा रिवाज. आम्ही दारात उभे होतो. ग्लेनने नियम वाचला. सगळ्यांत आधी हात वर झाला तो रेमामांचा, आणि तो वर झाल्यावर बाकीच्यांचे व्हायला वेळ लागला नाही. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. कोणीतरी उठून कॉफी ठेवली.

निघताना ग्लेन सामान ठेवत होता आणि मावशी मला गाडीपर्यंत सोडायला आल्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं हे कळत होतं. मला वाटलं त्या माझे आभार मानतील, आणि ते मला नको होते. पण त्यांनी मला विचारलं, "आवाज काढताना रे डोळे मिटून घेतो. तुला दिसलं ना?"

मी मान हलवली.

"डेल सगळं त्याच्याकडूनच शिकला," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्यानेही मिटलेले असतील. मला चार वर्षं हेच वाटत होतं, की त्याने समोर बघितलं असेल आणि त्याला आपला मामा दिसला असेल. त्याला दिसला नसेल ना?"

"नसेल, मावशी," मी म्हटलं.